बर्फावरचा शो बघायला मुलांना नेताना

नोव्हेंबर उजाडला की न्यू जर्सी, लंडन, टोरांटो, अबू धाबी इथल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा मुलांना आइस शोला न्यायचं का? 'डिस्ने ऑन आइस'चे दौरे याच सुमाराला न्यूअर्कच्या प्रुडेन्शियल सेंटरला, लंडनच्या ओटूला येतात; अबू धाबीच्या एतिहाद अरीनातही हे शो झालेले आहेत. चौघांची तिकिटं, पार्किंग, मध्यंतरातलं खाणं आणि बाहेर पडताना हट्टाने घेतलेली दिव्याची कांडी हे सगळं धरलं तर खर्च थोडाथोडका होत नाही. राजकन्या आणि हिममानव तर घरच्या टीव्हीवरही दिसतात, मग एवढा खटाटोप कशाला, असं आईवडिलांना वाटतं आणि ते वाटणं रास्तही आहे.

पण टीव्हीचा कॅमेरा चेहऱ्यावर असतो आणि बर्फावरची सगळी करामत पायात असते. प्रत्यक्ष शोला गेलेल्या मुलाला पाय बघायला मिळतात, पात्याचा आवाज ऐकायला मिळतो, घसरून पडणारा माणूस दिसतो आणि तो पुढच्याच क्षणी उठून नाचात सामील झालेलाही दिसतो. मुलाने हे सगळं आपोआप टिपावं अशी अपेक्षा मात्र चुकीची आहे. झगमगाटात नजर झगमगाटाकडेच जाते. कुठे बघायचं हे मोठ्यांनी आधी थोडंसं सांगितलं तर दोन तासांत मुलाच्या हाती खूप काही लागतं, आणि त्यासाठी मोठ्यांना स्केटिंग यावं लागत नाही.

सुरुवात घरी, शोच्या दोन-चार दिवस आधी करावी. अभ्यासाची फिरती खुर्ची मोकळ्या जागेत ओढावी, मुलाला तिच्यावर बसवावं, दोन्ही हातांत पाण्याची एकेक छोटी बाटली द्यावी आणि हात बाजूला पसरायला सांगावेत. पाय वर उचललेले. मग खुर्चीला बेताने एक गिरकी द्यावी आणि मुलाने दोन्ही बाटल्या झटकन छातीशी घ्याव्यात. कोणी ढकललेलं नसताना खुर्ची एकदम जोरात फिरायला लागते. हात पुन्हा पसरले की मंदावते. मुलं हे पंधरा वेळा करायला लावतात. वरच्या वर्गातल्या मुलांना भौतिकशास्त्रात कोनीय संवेग नावाचा धडा असतो, तो हाच. लहानांना नाव सांगायची गरज नाही. शोमध्ये स्केटर हात पसरून गिरकी सुरू करेल आणि मग हात अंगाशी घेईल तेव्हा मूल स्वतःच ओरडेल, ‘बाटल्या!’ ज्याला बाटल्या आठवल्या त्याला नियम कळला.

ही गिरकी किती वेगाची असू शकते? २०१५ साली वॉर्सात ऑलिव्हिया रिबिका-ऑलिव्हर या शाळकरी कॅनेडियन मुलीने मिनिटाला ३४२ फेऱ्यांचा वेग गाठला आणि तो गिनीज विक्रम ठरला. म्हणजे सेकंदाला साडेपाचहून जास्त फेऱ्या. कथक शिकणाऱ्या मुलांना इथे एक फरक दाखवण्यासारखा आहे. चक्कर घेताना कथकमध्ये नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवायची आणि मान शेवटी झटक्यात वळवायची असं शिकवतात. बर्फावरच्या गिरकीत ते जमतच नाही, कारण वेग फार. स्केटरला घेरी येते. वर्षानुवर्षं सरावाने मेंदू तिला सरावतो. नवशिक्यांना गिरकीनंतर कठडा धरून उभं राहावं लागतं.

शोच्या दिवशी अरीनात शिरल्यावर पहिला प्रश्न मुलाकडून येतो तो बर्फाबद्दल. अबू धाबीत तर येतोच येतो : बाहेर एवढं उकडतंय, मग हा वितळत का नाही? उत्तर जमिनीखाली आहे. जमिनीत किंवा तात्पुरत्या पाट्यांमध्ये नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून शून्याच्या बरंच खाली थंड केलेलं, न गोठणारं द्रव सतत फिरत असतं. वरून पाण्याचे पातळ थर एकावर एक फवारून गोठवतात. मध्येच पांढरा रंग देतात, नाहीतर बर्फातून खालची जमीन दिसली असती. एवढं सगळं होऊन बर्फाची जाडी भरते जेमतेम काही सेंटिमीटर. नाचाच्या स्केटिंगसाठी तो साधारण उणे ४ अंशांच्या आसपास ठेवतात. आइस हॉकीवाल्यांना त्याहून थंड, टणक बर्फ लागतो. नाचणाऱ्याला थोडा मऊ बर्फ बरा पडतो, कारण पातं त्यात रुततं.

यंत्राने गोठवलेली पहिली रिंक लंडनच्या चेल्सीत १८७६ साली जॉन गॅमजी यांनी उघडली. गॅमजी पशुवैद्य होते आणि त्यांची खटपट चालली होती ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून मांस गोठवून इंग्लंडला कसं आणता येईल याची. त्या धडपडीतून रिंक निघाली. एका कामासाठी शोधलेली गोष्ट दुसरीकडेच उपयोगी पडते हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना फार आवडतं, आणि या विषयात त्याचं आणखी एक उदाहरण पुढे मध्यंतरात चालत येणार आहे.

बर्फ घसरडा का असतो, हा दुसरा प्रश्न. पात्याच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून, असं उत्तर अनेक आईवडिलांनी शाळेत पाठ केलेलं आहे. ते पुरेसं नाही. माणसाच्या वजनाने पडणारा दाब एवढ्या थंडीत बर्फ वितळवायला कमी पडतो, आणि साधे बूट घालणाराही बर्फावर घसरतोच की. मायकेल फॅराडेने १८५० मध्ये दाखवलं होतं की बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटून बसतात. त्यावरून बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा अतिशय पातळ थर असतो असं त्याचं म्हणणं होतं. त्या थराबरोबर घर्षणाने निर्माण होणारी उष्णताही काम करते, आणि या विषयावर शास्त्रज्ञांचं संशोधन अजून चालू आहे. मुलाला ‘यावर अजून काम चाललंय’ असं सांगायला पालकांनी संकोचू नये. शिवाय फॅराडेचा प्रयोग घरच्या फ्रीजमधल्या दोन खड्यांवर करून बघता येतो.

दिवे मालवले, संगीत सुरू झालं, की पहिली पाच मिनिटं मुलाला काहीच सांगू नये. त्याला बघू द्यावं. मग हळूच कानात सांगावं : आता पाय बघ.

स्केटचं पातं जेमतेम ४ मिलिमीटर जाड असतं आणि खालून ते सपाट नसतं. मधोमध उथळ खाच असते, त्यामुळे प्रत्येक पात्याला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. स्केटर जवळजवळ कधीच सपाट पात्यावर जात नाही. तो सतत कुठल्या तरी एका कडेवर झुकलेला असतो आणि म्हणूनच त्याची वाट वळणदार होते. खालच्या रांगांत बसलेल्यांना कडा बर्फ कापते त्याचा खसखशीत आवाज संगीतातूनही ऐकू येतो. चांगल्या स्केटरच्या कडेचा आवाज एकसंध असतो. थांबताना मात्र बर्फाचा भुगा उडतो आणि खरखर ऐकू येते. पात्याच्या पुढच्या टोकाला करवतीसारखे दात असतात, त्यांना टो पिक म्हणतात. काही उड्या त्या दातांनी बर्फाला टोचून घेतल्या जातात, काही नुसत्या कडेवरून.

उड्यांची सगळी नावं मुलांना शिकवायचा अट्टहास नको. एकच ओळखायला शिकवावी, ॲक्सल. बाकी सगळ्या प्रमुख उड्यांत स्केटर पाठमोरा उडतो. ॲक्सलमध्ये तो तोंड पुढे करून उडतो. उतरतात मात्र सगळे पाठमोरेच, त्यामुळे ॲक्सलमध्ये नेहमी अर्धी फेरी जास्त पडते. नॉर्वेच्या ॲक्सेल पाउल्सेनने ती १८८२ साली व्हिएन्नात मारली. दीड फेरीपासून सुरू झालेली ही वाट चार फेऱ्यांपर्यंत यायला किती काळ गेला ते मुलांना सांगावं : स्पर्धेत चार फेऱ्यांची पहिली मान्य उडी कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने १९८८ मध्ये बुडापेस्टला घेतली, ती टो लूप होती, आणि चार फेऱ्यांची ॲक्सल, म्हणजे प्रत्यक्षात साडेचार फेऱ्या, अमेरिकेच्या इलिया मॅलिनिनने २०२२ मध्ये लेक प्लॅसिडला पूर्ण केली. पाउल्सेनपासून मॅलिनिनपर्यंत १४० वर्षं. हवेतला वेळ मात्र सेकंदापेक्षा कमीच.

शोमध्ये एवढ्या अवघड उड्या क्वचितच घेतात, आणि त्याचंही कारण मुलांना कळायला हवं. स्पर्धक वर्षातून मोजक्या वेळा स्पर्धेला उतरतो. शोमधला कलाकार शनिवार-रविवारी दिवसाला दोन-तीन प्रयोग करतो, अंगावर जड पोशाख, कधी डोक्यावर मुखवटा, आणि तरीही प्रत्येक प्रयोगातल्या मुलाला तो पहिलाच प्रयोग वाटला पाहिजे. रोज तितक्याच ताकदीने तेच करणं हे वेगळं कसब आहे. नाटकवाल्यांच्या घरातल्या मुलांना ते सांगावं लागत नाही, इतरांना सांगावं.

समूहनृत्यात गणित लपलेलं असतं. सात-आठ स्केटर हात धरून रांग करतात आणि ती रांग घड्याळाच्या काट्यासारखी एका टोकाभोवती फिरते. सगळ्यात आतला जवळजवळ जागच्या जागी वळतो आणि टोकाचा जिवाच्या आकांताने धावत असतो. का? आतला केंद्रापासून १ मीटरवर असेल तर एका फेरीत त्याला साधारण सव्वासहा मीटर जावं लागतं. बाहेरचा ८ मीटरवर असेल तर त्याच वेळात त्याला ५० मीटर कापायचे असतात. परीघ आणि त्रिज्येचा संबंध कागदावर शिकलेल्या सहावी-सातवीच्या मुलाला ही रांग दाखवावी आणि विचारावं, तुला कुठे उभं राहायला आवडेल. यावर घरी परतताना गाडीत चांगली चर्चा रंगते, कारण आतल्याचं कामही सोपं नसतं. तो डगमगला तर सगळी रांग विस्कटते.

मग मध्यंतर होतं आणि सगळी जनता पॉपकॉर्नच्या रांगेकडे धावते. मुलांना घेऊन तिथे जायची घाई करू नये. मध्यंतरात अनेक ठिकाणी बर्फावर एक बोजड गाडी येते, ती जागेवर बसून बघावी. गाडीखालचं धारदार पातं बर्फाचा ओरखडलेला थर तासतं, मळसूत्र तो भुगा उचलून गाडीच्या पोटात टाकतं, पाणी फवारून खाचा धुतल्या जातात आणि मागे लोंबणारं ओलं कापड गरम पाण्याचा पातळ थर पसरत जातं, अंगण सारवावं तसं. गरमच पाणी का, हा प्रश्न मुलाने विचारलाच पाहिजे. नाही विचारला तर मोठ्यांनी विचारावा. गरम पाणी वरचा थर किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, त्यामुळे नवा थर नीट धरतो आणि गुळगुळीत गोठतो.

ही गाडी बनवणारे फ्रँक झाम्बोनी कॅलिफोर्नियातले, इटलीहून आलेल्या कुटुंबातले. भावाबरोबर त्यांचा बर्फाच्या लाद्यांचा धंदा होता; दुधाच्या आणि भाजी-फळांच्या वाहतुकीला तो बर्फ लागे. विजेवर चालणारी शीतयंत्रं आली आणि लाद्यांची मागणी ओसरू लागली. बर्फ गोठवायची विद्या हाताशी होती, म्हणून त्यांनी १९४० मध्ये पॅरामाउंट गावात स्केटिंग रिंक उघडली. तिथला बर्फ पुन्हा गुळगुळीत करायला तीन ते पाच माणसांना तासाहून जास्त वेळ लागायचा. झाम्बोनींनी १९४२ पासून यंत्रावर प्रयोग सुरू केले आणि चालणारं यंत्र तयार झालं १९४९ मध्ये. मधल्या सात वर्षांतल्या फसलेल्या यंत्रांबद्दल मुलांना आवर्जून सांगावं. पुढे तीन वेळा ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली नॉर्वेची सोन्या हेनी सरावासाठी पॅरामाउंटला आली, तिने ती गाडी बघितली आणि आपल्या दौऱ्यासाठी एक बनवून मागितली. बर्फावरच्या फिरत्या शोंमुळे झाम्बोनीचं नाव गावोगाव पोचलं.

आता पडण्याविषयी, कारण प्रत्यक्ष शोमधलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. दोन तासांच्या शोमध्ये कोणी ना कोणी पडण्याची शक्यता चांगलीच असते. टीव्हीवरच्या संपादित कार्यक्रमात तो भाग गाळता येतो, इथे गाळता येत नाही. स्केटर पडतो, सरकत जातो, आणि संगीत थांबत नाही. पडलेल्याला उठून पुन्हा तालात शिरायला दोन-तीन सेकंदच मिळतात. अशा वेळी बरीच मुलं आधी हसतात आणि मग आईबाबांच्या चेहऱ्याकडे बघतात. त्या क्षणी मोठ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात करावी. तो उठला की आणखी जोरात. भाषण देऊ नये. आपल्या घरांत मुलांना चुकीची केवढी धास्ती असते हे पेपर तपासून मिळण्याच्या दिवशी कळतं. एखादा तरबेज माणूस हजारो लोकांसमोर आपटतो आणि हसत उठतो हे दृश्य त्या धास्तीवर कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त काम करतं.

आणि पडण्याचंही तंत्र असतं. चांगल्या रिंकवर लहान मुलांना पहिल्याच तासाला बर्फावर बसायला आणि उठायला शिकवतात, पुढे सरकणं नंतर. पडतोय असं वाटलं की गुडघे वाकवायचे, बाजूला मांडीवर पडायचं, हात खाली टेकवून अंग सावरायचा मोह टाळायचा आणि मुठी आवळून घ्यायच्या, म्हणजे मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटं येत नाहीत. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर यायचं, मग एक पाऊल पुढे रोवायचं आणि त्या गुडघ्यावर हात टेकून उभं राहायचं. शोमध्ये कोणी पडलं तर तो कुठल्या अंगावर पडला आणि कसा उठला, हे मुलाला बघायला सांगावं.

मोठ्या मुलांना, बारा-तेराच्या पुढच्या, जपानच्या युझुरू हान्यूची हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात आइस शोचाच मोठा वाटा आहे. हान्यू सेंदाई शहराचा. ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि रिंकवर सराव करत होता. पायातल्या स्केट्ससह तो बाहेर पळाला. त्याच्या कुटुंबाला काही दिवस निर्वासितांसाठी उघडलेल्या केंद्रात काढावे लागले आणि सरावाची रिंक महिनोन् महिने बंद पडली. स्केटरला बर्फ नाही म्हणजे सरावच नाही. मग त्याने देशभरच्या आइस शोंमध्ये भाग घ्यायला सुरुवात केली. त्या वर्षात साठच्या आसपास शो केले आणि त्या शोंच्या बर्फावर आपला सराव टिकवला. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, तो सोचीला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकला. पुरुषांच्या फिगर स्केटिंगमध्ये ते जिंकणारा तो पहिला आशियाई. २०१८ मध्ये प्योंगचांगला त्याने ते पुन्हा जिंकलं. २०२२ मध्ये स्पर्धेतून बाहेर पडल्यावर तो पूर्णपणे शोकडे वळला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत टोकिओ डोममध्ये पस्तीस हजार लोकांसमोर त्याने एकट्याने अख्खा शो केला. त्याच वर्षीपासून आपल्या मियागी प्रांतात तो मार्चमध्ये भूकंपग्रस्तांच्या स्मरणार्थ आणखी एक शो करतो. लहानपणापासून दम्याचा त्रास असलेल्या माणसाची ही कहाणी आहे. तिच्यावर वेगळं भाष्य करायची गरज पडत नाही, मुलं आपापलं काय ते उचलतात.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी आणखी एक नाव महत्त्वाचं वाटतं : मेबल फेअरबँक्स. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ही कृष्णवर्णीय मुलगी स्केटिंग शिकायला धडपडत होती आणि रंगामुळे तिला रिंकवर अडवलं जात होतं. मोठ्या आइस शोंनीही तिला घेतलं नाही. तिने स्वतःचे कार्यक्रम केले आणि पुढे प्रशिक्षक झाली. ताई बाबिलोनिया आणि रँडी गार्डनर ही जोडी तिनेच लहानपणी जुळवली. १९७९ मध्ये ते जगज्जेते झाले. तिचा शिष्य ॲटॉय विल्सन १९६६ मध्ये नवोदितांच्या गटात अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता ठरला आणि नंतर ‘हॉलिडे ऑन आइस’ मध्ये प्रमुख कलाकार म्हणून झळकला. तिच्यासाठी बंद राहिलेल्या जगाचा दरवाजा तिच्या शिष्याने ओलांडला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या फिगर स्केटिंगच्या ‘हॉल ऑफ फेम’ मध्ये तिची निवड झाली, तिथे पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. आजच्या शोमधल्या संचात जगभरचे चेहरे दिसतात. ते पूर्वी का दिसत नव्हते, हे मुलांना माहीत असावं. वर्गात आपण एकटेच वेगळे दिसतो असं वाटणाऱ्या मुलाला तर नक्कीच.

नृत्य, गाणं, नाटक शिकणाऱ्यांसाठी टॉर्विल आणि डीन. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची ही जोडी. जेन टॉर्विल विमा कंपनीत कारकून होती आणि ख्रिस्तोफर डीन पोलिसात शिपाई. १९८४ च्या साराएव्हो ऑलिंपिकसाठी त्यांनी राव्हेलच्या ‘बोलेरो’ या रचनेवर नाच बसवला. नियमाने वेळ होती ४ मिनिटं १० सेकंद. रचना कितीही कापली तरी ४ मिनिटं २८ सेकंदांच्या खाली येईना. नियम नीट वाचल्यावर लक्षात आलं की घड्याळ सुरू होतं ते पातं बर्फाला लागल्यावर. मग त्यांनी सुरुवातीचे अठरा सेकंद गुडघ्यांवर बसूनच नाच केला. त्या सादरीकरणाला कलागुणांसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी पूर्ण ६ गुण दिले, आणि लोकांच्या मनात राहिली ती नेमकी गुडघ्यांवरची सुरुवात. शोमध्येही निवेदन थोडं आणि अंगविक्षेप मोठे असतात. शेवटच्या रांगेतल्या मुलाला राग, भीती, आनंद नुसत्या खांद्यांवरून कळला पाहिजे. घरी आल्यावर मुलांना एखादा प्रसंग शब्दांशिवाय करून दाखवायला सांगावं.

आता व्यवहाराच्या गोष्टी. अगदी पुढच्या रांगेचं तिकीट सर्वांत महाग, पण तिथून छोट्या मुलाला समोरच्या कठड्यामुळे पाय नीट दिसत नाहीत आणि समूहाच्या रचना तर दिसतच नाहीत. थोडी वरची, लांब बाजूची जागा स्वस्तही पडते आणि बर्फावर उमटणारे आकार तिथून स्पष्ट दिसतात. स्वेटर, मोजे आणि लहानांसाठी एखादी शाल हवीच, आखातात तर विशेष, कारण लोक बाहेरच्या हवेप्रमाणे कपडे घालून येतात आणि अर्ध्या तासात कुडकुडतात. तीन-चार वर्षांच्या मुलाला अंधार, मोठा आवाज आणि अचानक उडणारे आगीचे फवारे घाबरवू शकतात. कानावर लावायचे आवाजरोधक जवळ ठेवावेत, आणि लुकलुकत्या दिव्यांचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी तिकीट काढण्यापूर्वी आयोजकांची सूचना वाचावी. फोटो काढायची परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवावा. उडी मारणाऱ्याच्या डोळ्यांत तो गेला तर इजा होऊ शकते. खेळण्यांच्या स्टॉलवर भांडण नको असेल तर मुलाला घरूनच ठरावीक रक्कम द्यावी आणि ती कशी खर्चायची हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. आठ वर्षांचं मूल तिथे जो हिशोब करतं तो खरा हिशोब असतो.

शो संपल्यावर लगेच ‘काय शिकलास?’ असं विचारू नये. या प्रश्नाने चांगल्या संध्याकाळची परीक्षा होते. त्याऐवजी, तुला त्यांच्यापैकी कोण व्हायला आवडेल, असं विचारलं तर उत्तरं थक्क करतात. काहींना राजकन्या व्हायचं असतं, काहींना गाडी चालवणारा, काहींना वरून प्रकाशझोत फिरवणारा. पोशाख बदलणारे, स्केट्सना धार लावणारे, संगीत सांभाळणारे असे कितीतरी लोक शोमागे असतात आणि ती सगळी पोटापाण्याची खरी कामं आहेत.

बऱ्याच मुलांना शोनंतर स्वतः बर्फावर उतरायचं असतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये ते सोपं आहे. गावच्या रिंकवर सार्वजनिक वेळा असतात आणि स्केट्स भाड्याने मिळतात. भारतात रिंक मोजक्याच. सिमल्याची नैसर्गिक बर्फाची रिंक १९२० पासून आहे, पण ती हिवाळ्यात आणि थंडीच्या लहरीवर चालते. गुरुग्रामला मॉलमध्ये ‘आयस्केट’ आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला बांधलेली मोठी रिंक बराच काळ बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातल्या मुलांची वाट बहुधा रोलर स्केट्सवरून जाते. पुण्या-मुंबईत चाकांवर तयार झालेली मुलं लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत बर्फावर उतरतात, कारण तोल, वाकलेले गुडघे आणि एका पायावर वजन टाकायची सवय दोन्हीकडे तीच. परदेशातल्या मुलांना तारा प्रसादचं नाव सांगता येईल : अमेरिकेत वाढलेली ही फिगर स्केटर भारताकडून खेळते आणि २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धांत आठवी आली.

मात्र एका शोवरून मुलाला वर्षभराच्या क्लासला घालू नये. फिगर स्केटिंग महाग आहे, सराव पहाटेचा असतो आणि सांध्यांवर ताण येतो. आधी दोन-तीन सार्वजनिक वेळांना नेऊन बघावं. स्केट्स पायाला घट्ट बसणाऱ्या मापाचेच घ्यावेत; मोठे घेतले की घोटा डगमगतो आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. जाड लोकरी मोज्यांऐवजी पातळ मोजे घालावेत, हातमोजे आणि हेल्मेट मात्र सोडू नये. पहिल्या खेपेला अर्धा-पाऊण तास पुरे. रिंकवर गर्दी कमी असते ती शाळेच्या दिवशी दुपारी किंवा सकाळच्या पहिल्या वेळेला. गाडी नुकतीच फिरून गेल्यावर बर्फ सगळ्यात गुळगुळीत असतो, तेव्हा ती फिरण्याची वेळ फोन करून आधीच विचारून ठेवावी.